चिठ्ठीत निघालेली सून

किस्से हे आमच्या बेडरूममधल्या खुर्चीवरच्या कपड्यांसारखे असतात. आज वाळलेले दोन टाकले, 'उद्या घड्या करू' म्हटलं, उद्या त्यावर चार पडले, आणि एक दिवस पाहुणे आले की कळतं, अरे, खुर्चीच दिसत नाहीये! आमच्या शनिवारच्या वाचनकट्ट्याच्या किश्श्यांचं तेच झालंय. म्हणून आज घड्या करायला बसलेय. सगळ्या सरळ येतील याची गॅरंटी नाही. इलॅस्टिकवाल्या चादरीची घडी मला अजून एकदाही धड जमलेली नाही.

कट्टा म्हणजे फार मोठं प्रकरण नाही. बोरीवली पूर्वेला आमची सोसायटी. पंप रूमशेजारी एक खोली आहे, तिच्यात गणपतीचं मखर, मोडका कॅरम आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या. शनिवारी दुपारी आम्ही काही मंडळी तिथे बसून एक गोष्ट वाचतो. मोठ्याने. आधी 'घरून वाचून यायचं आणि इथे चर्चा करायची' असं ठरलं होतं. पण महिनाभर कोणीच वाचून आलं नाही, आणि चर्चा मात्र सगळ्यांनी हिरिरीने केली! शेवटी विद्याताईंनी सूत्रं हाती घेतली. विद्याताई म्हणजे रिटायर्ड मराठीच्या बाई, आणि 'रिटायर्ड' हा शब्द त्यांच्या बाबतीत फक्त पेन्शनपुरता खरा आहे.

मी तिथे गेले ते साहित्यप्रेमाने वगैरे नाही. रेवा तेव्हा नुकतीच प्लेग्रुपला जायला लागली होती. माझं घरून कॉपीरायटिंगचं काम, आणि उरलेला सगळा वेळ 'मुलीला शिंका का येतात' हे गूगल करणं. 'आई म्हणून मी पास की नापास?' हा प्रश्न सकाळी दात घासतानाच सुरू व्हायचा. वाटलं, आठवड्यातून एकदा दुसऱ्या कोणाच्या तरी घरातल्या भानगडी ऐकाव्यात.

*

पहिल्याच शनिवारी विद्याताईंनी गोष्टीतल्या पात्रांच्या चिठ्ठ्या करून स्टीलच्या डब्यात टाकल्या. ज्याला जी चिठ्ठी निघेल, त्याने त्या पात्राचं बोलणं वाचायचं. आमच्यात तेव्हा पुरुष एकच, सावंतकाका. मूळचे मालवणचे, बँकेतून निवृत्त, आवाज असा की बाजूच्या पंपाचा आवाज दबतो. त्यांनी डब्यात हात घातला आणि निघाली, 'नवी सून'!

विद्याताई म्हणाल्या, "काका, चुकून आली. बदला."

"बदलू कशाक? सोसायटीचं पार्किंग पण चिठ्ठीनेच मिळतं ना आपल्याला? ज्याला कचराकुंडीच्या बाजूची जागा निघते, तो बदलून मागतो काय?"

काकांना कचराकुंडीच्या बाजूचीच जागा निघालेली आहे. त्यामुळे कोणी वाद घातला नाही.

काका वाचायला लागले. सून पहाटे उठते, चूल पेटवते, पाणी भरते, दिरांना वाढते, सासऱ्यांना वाढते. त्या खणखणीत आवाजात 'हो, आत्याबाई' ऐकून आम्ही खुर्च्यांवरून पडायच्या बाकी होतो. आणि मध्येच काका थांबले. चष्मा काढला. मागची पानं उलटून बघितली.

"काय शोधताय?"

"पाच पानां झाली गो," काका म्हणाले, "हिका अजून कोणी जेवाक वाढूक नाय!"

विद्याताईंनी तिथल्या तिथे नियम केला : यापुढे जे आपण नाही, तेच वाचायचं. स्वतःचीच चिठ्ठी निघाली तर डब्यात परत टाकायची.

पुढच्या आठवड्यात लिफ्टमध्ये सावंतकाकू भेटल्या. वैतागलेल्या. "काय शिकवता गं तिथे यांना? आता मी पानावर बसल्याशिवाय जेवतच नाहीत! इतकी वर्षं सगळ्यांचं उरकून मी एकटी, निवांत, मोबाइल बघत जेवत होते. आता यांच्या तोंडाकडे बघत जेवावं लागतं!"

*

विद्याताईंनी लग्न केलं नाही. का, ते कोणी विचारत नाही. विचारलं तर 'वाक्यात उपयोग करा' म्हणतील अशी भीती वाटते. तर एकदा डब्यातून त्यांना चिठ्ठी निघाली, 'सात मुलांची आई'. मी पटकन म्हटलं, "मी घेते ती, ताई."

"का? तुला आहे का सात?"

नियम म्हणजे नियम! त्यांनी वाचायला सुरुवात केली. गोष्टीतली आई मुलांना जेवायला हाका मारते. ताईंनी त्या सात हाका अशा मारल्या, जशी हजेरी घेतायत. चौथ्या नावाला मागच्या खुर्चीतून कोणीतरी सवयीने "हजर बाई!" म्हणून गेलं.

पण गोष्ट संपल्यावर त्यांनी पानं नीट लावली. मग चिठ्ठ्या गोळा करता करता माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मला वाटायचं आई होणं म्हणजे काहीतरी वेगळंच असेल. हे तर वर्ग सांभाळणंच आहे. फरक एवढाच, की बेल होत नाही."

त्या वाक्याने माझी वाट लावली. घरी गेले, रेवाला झोपवलं आणि एक गोष्ट लिहून काढली. नाव, 'मधली सुट्टी'. एक बाई असते. ती रोज वाळत घातलेले कपडे आणायला गच्चीवर जाते आणि पाण्याच्या टाकीमागे दहा मिनिटं नुसती बसते. कपडे केव्हाच वाळलेले असतात. खाली तिची मुलगी असते, सासू असते. बस, एवढंच. दीड पान.

आता आमच्या बिल्डिंगलाही गच्ची आहे. गच्चीवर टाकीही आहे. आणि घरात रेवा आहे आणि माझ्या सासूबाई आहेत. म्हणजे हे ज्याला कळणार नाही, असा माणूस बोरीवलीत मिळणं कठीण!

ती गोष्ट कट्ट्यावर वाचली जावी असं मला फार वाटत होतं. आणि ती सासूबाईंच्या कानावर गेली तर काय, हा विचारही पाठ सोडत नव्हता. मी काम करते तेव्हा रेवाला त्याच बघतात. 'माझ्या हातात पोर देऊन ही बया गच्चीवर जाऊन बसते होय!' असं त्यांनी म्हटलं तर उत्तर काय देणार होते मी? बसतच होते की.

निखिलला, म्हणजे नवऱ्याला, दाखवली. त्याने शांतपणे वाचली. "झकास आहे. आईला दाखवू नकोस."

*

हेतल तिसऱ्या मजल्यावर राहते. मूळची गुजराती, मराठी सुधारायला कट्ट्यावर आली. आवाज इतका हळू की ती बोलायला लागली की आम्ही पंखा बंद करायचो. तिला एकदा निघाला 'संतापी बाप'. जेवणाचं ताट भिरकावणारा, घरादाराला थरथर कापायला लावणारा.

पहिलं वाक्य तिने नेहमीसारखं पुटपुटून वाचलं. विद्याताई म्हणाल्या, "हेतल, हा बाप ताट फेकतोय, इन्व्हिटेशन देत नाहीये."

मग काय झालं देव जाणे. पोरीने दीर्घ श्वास घेतला आणि "या घरात माझ्या शब्दाला किंमत आहे की नाही?" असं अशा काही आवाजात ओरडली की मखराचा थर्माकोल हलला! पुढची दोन पानं ती थांबलीच नाही. दारावर टकटक. बाहेर वॉचमन, घाबराघुबरा. "मॅडम, अंदर कौन साब झगडा कर रहे हैं?"

हेतल त्याच आवाजात, "कोई नहीं! जाओ!"

वॉचमनने चक्क सलाम ठोकला. "जी साब!"

आणि हा तोच वॉचमन, ज्याला हेतल कित्येक महिने सांगत होती, 'भैया, माझ्या जागेवर कोणीतरी गाडी लावतं, जरा बघा ना.' त्याने कधी मान वर केली नव्हती.

कट्टा संपल्यावर ती तडक गेटवर गेली. आम्ही खिडकीतून बघत होतो. काय बोलली ते ऐकू आलं नाही. पण संध्याकाळी तिची जागा मोकळी होती, आणि दुसऱ्या दिवशी तिथे दोन कुंड्या ठेवून जागा राखलेली होती. "यार अनुजा," ती मला म्हणाली, "इतका सोपा होता हे? मग पप्पा लोक दमतात कशाने?"

*

एका शनिवारी मला ताप होता, तर निखिल म्हणाला, "मी जाऊन येतो तुझ्याऐवजी. बघतो काय असतं ते." चेहऱ्यावर तो भाव, जो पुरुषांच्या चेहऱ्यावर भाजी आणायला निघताना असतो.

त्याला चिठ्ठी निघाली 'दाखवायची मुलगी'.

परत आला. सोफ्यावर बसला. मी कपाळावरची पट्टी सरकवून विचारलं, "काय झालं?"

"सावंतकाका मुलाची आई होते. म्हणाले, जरा चालून दाखव."

"मग?"

"चाललो."

"आणि?"

"सगळे बघत होते गं. मला वाटायला लागलं, मी एरवी चालतो कसा? हात कुठे असतात माझे?" मग एकदम माझ्याकडे वळून, "तुला पण असं झालं होतं? आम्ही आलो होतो तेव्हा? खरं सांगतो, मी तुला असं बघत नव्हतो."

"माहितीये."

"कसं काय?"

"तू पोहे खात होतास. दुसरी प्लेट मागितलीस. माझ्या मामीने त्यावरच होकार धरला!"

*

आता सासूबाई. मी त्यांना आई म्हणते. लालबागच्या चाळीत संसार केला, सासऱ्यांची कापडगिरणीतली नोकरी सुटल्यावर मिळेल ते काम करत मुलाला शिकवलं, आणि आता आमच्याकडे बोरीवलीत असतात. भांडत नाहीत. त्यापेक्षा भांडलेल्या परवडल्या. त्या नुसतं 'बरं' म्हणतात, आणि त्या 'बरं'चा अर्थ लावण्यात माझा आठवडा जातो.

एकच हट्ट, दळण. आमच्या बिल्डिंगच्या खालीच पिठाची गिरणी आहे, लिफ्टमधून उतरलं की समोर. पण आई दर आठवड्याला गव्हाची पिशवी उचलतात, स्टेशनचा पूल ओलांडून पश्चिमेला जातात आणि तिकडच्या गिरणीतून दळून आणतात. गुडघे दुखतात तरी. "खालच्याचं पीठ गरम होतं," म्हणतात. मी एकदा ऑनलाइन आटा मागवला तर दोन दिवस 'बरं' सुद्धा नाही! मग निखिलने मोठ्या प्रेमाने वाढदिवसाला घरघंटी आणून दिली. आईंनी हळदकुंकू वाहून तिची पूजा केली, वर भरतकामाचं कापड घातलं आणि त्यावर फुलदाणी ठेवली. ती फुलदाणी अजून तिथेच आहे. मी हे सगळं 'जुन्या पिढीचे चोचले' या सदरात टाकून दिलं होतं.

तर अशा आईंना विद्याताईंनी भाजीवाल्यापाशी गाठलं आणि कट्ट्यावर आणलं! मी खोलीत शिरते तर आई पहिल्या रांगेत. माझी दीड पानं फोनमध्ये होती, तरी मी पर्स घट्ट धरली.

"मी नुसती बसेन हं," आई म्हणाल्या. "माझं शिक्षण सातवी."

"वाचता येतं ना? मग घाला हात," विद्याताई.

आईंना निघाला 'प्रियकर'. आणि त्यांच्यासमोर प्रेयसी कोण? सावंतकाका!

काकांनी लाजत मान खाली घातली, अगदी मनापासून. आईंनी कागद डोळ्यांपासून लांब धरला आणि रेशनच्या दुकानावरची पाटी वाचावी तसं वाचलं, "तुझ्यावाचून मी एक क्षणही जगू शकणार नाही."

थांबल्या. कागदाकडे संशयाने बघितलं.

"जगतात सगळे," त्या म्हणाल्या. "पुढे वाचा."

*

आई यायला लागल्यावर, निखिलला ऑफिस असलं की, शनिवारी घरी रेवाला बघायला कोणी उरेना. मग तीही कट्ट्यावर. एकदा तिनेही डब्यात हात घातला. चिठ्ठी निघाली 'आई'. नियमाप्रमाणे बरोबरच होतं, ती काही आई नव्हती. वाचता येत नव्हतं, म्हणून विद्याताई म्हणाल्या, "तूच सांग, आई काय बोलते?"

रेवा खुर्चीवर उभी राहिली. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात नसलेला फोन. "पडशील! हात धुतलेस? ये इकडे, ताप आहे का बघू. थांब, गूगल करते!"

हसून हसून खोली कोसळली. मीही हसले, हसावंच लागतं अशा वेळी. मग हेतलने विचारलं, "मोठी होऊन तू पण आई होणार?"

"नाही!" रेवाने ठाम मान हलवली. "आईला सारखं घाबरायला लागतं. मी डायरेक्ट आजी होणार."

सगळे पुन्हा हसले. आई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्या बघण्याचा अर्थ लावत बसले : सून नापास, पोर घाबरट आईच्या हाती, वगैरे. त्या रात्री मी 'मधली सुट्टी' डिलीट करायला उघडली. आणि पुन्हा वाचताना वाटलं, घाबरायला लागतं हे पोरीला कळलंय, तर न घाबरता केलेली एक तरी गोष्ट तिला सांगता आली पाहिजे की नाही? सकाळी विद्याताईंना पाठवून दिली. 'नाव सांगू नका' असं लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, 'दुसऱ्या ओळीत अनुस्वार राहिलाय.'

*

तो शनिवार. आई जेवण उरकून दळणाला गेल्या होत्या, त्या परस्पर कट्ट्यावर आल्या. पिठाच्या डब्याची पिशवी खुर्चीखाली. रेवाला निखिल बागेत घेऊन गेला होता. मीच पाठवलं होतं दोघांना, घरातले जेवढे साक्षीदार कमी तेवढे बरे.

विद्याताईंनी डबा हलवला. "आजची गोष्ट नवी आहे. लेखिकेचं नाव नाही. पात्रं दोनच. सून आणि सासू. बाकीच्या चिठ्ठ्या कोऱ्या, त्यांनी ऐकायचं."

डबा आधी माझ्यापुढे आला. मी चिठ्ठी उघडली. 'सासू'. नियमात बसत होतं, परत टाकता येईना. मग डबा पुढे फिरत गेला. काकांनी उघडली, 'कोरी' म्हणाले. हेतल, कोरी. आणि आईंनी उघडली.

"सून," आई म्हणाल्या. "चालेल. मी आता सून नाही."

मी विद्याताईंकडे बघितलं. त्या छताकडे बघत होत्या.

वाचन सुरू झालं. माझं पहिलं वाक्य होतं, "एवढा वेळ लागतो का गं कपडे आणायला?" स्वतःच्या सासूला हे विचारताना मी इतकी अडखळले की सावंतकाकांनी पाण्याची बाटली पुढे केली.

"ओले होते," आईंनी वाचलं.

"एवढ्या उन्हात?"

"हो. एवढ्या उन्हात."

आई एरवी पाटी वाचल्यासारखं वाचतात. त्या दिवशी हळूहळू वाचत होत्या, एकेक शब्द तपासून. सून गच्चीवर जाते. टाकीला पाठ टेकते. टाकीत पाणी पडल्याचा आवाज ऐकते. "मला माझी लेक नको आहे असं नाही," आईंनी वाचलं. "मला फक्त दहा मिनिटं कोणाचीच कोणी नसायचं आहे."

मी खाली बघत होते. फरशीवर, पिशवीच्या टोकाशी, थोडं पीठ सांडलं होतं.

मग ते वाक्य आलं. मी लिहिताना मला फार आवडलेलं, आणि तेव्हापासून छातीवर बसलेलं. आईंनी तेही वाचलं, न अडखळता. "सासूला यातलं काय कळणार?"

पंप रूममधला पंप बंद झाला. तिथे गोष्ट संपते. मीच लिहिली होती, मला पाठ होती. त्या वाक्यानंतर कागदावर काही नव्हतं.

आईंनी कागद उलटला. मागची बाजू कोरी होती. त्यांनी चष्मा नाकावर नीट केला आणि पुढे वाचायला लागल्या.

"मी दळण घेऊन जाते. लांबच्या गिरणीत. तिथे एक बाकडं आहे, भिंतीला लागून. नंबर येईपर्यंत बसते. कोणी बोलत नाही, गिरणीच्या आवाजात ऐकूच येत नाही. निखिल लहान होता तेव्हापासून जाते. तेव्हा लालबागला होते, तिथली पण लांबचीच धरली होती."

सावंतकाकांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "पुढे?"

"पुढे काय?" आईंनी कागदाची चार पदरी घडी केली आणि पिशवीत पिठाच्या डब्याशेजारी ठेवली. "खालच्याचं पीठ काही गरम होत नाही."